साडेतीन किलो

आमच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत.
एक इथलं, टोंगाचं.
दुसरं आयडाहोचं, एकोणीस तास मागे रेंगाळणारं;
त्याच्याखाली डेल्विनने पेन्सिलीने लिहिलंय : काल.

काल आम्हाला नातू झाला.
कळलं तेव्हा आज उजाडला होता
आणि आम्ही शाळेच्या छपराला पन्हळ ठोकत होतो,
म्हणजे तो वर, मी खाली शिडी धरून,
गुडघ्यांनी पुकारलेल्या संपासकट.
पन्हळीतून पाणी टाकीत जाणार,
टाकीतून चाळीस पोरांच्या पोटात.
देवाने बोलावलं म्हणून आलो, असं सांगतो आम्ही विचारणाऱ्यांना;
देवाने पाना-पक्कडही आणायला सांगितलं होतं, हे सांगत नाही.

फोनवर चित्र गोठलं :
एक कान, टोपड्याची कड, कुणाचा तरी अंगठा.
"सात पौंड अकरा औंस!" जावई ओरडला.
मग तेही तुटलं.
"बरं," डेल्विन म्हणाला,
आणि पुढचा खिळा तोंडातून काढला.

हुकलेल्या सणासमारंभांची यादी मी ठेवत नाही.
ठेवते.
थोरल्या नातवाचं लग्न. आर्लाची पंचाहत्तरी.
आणि आमच्याच लग्नाचा पन्नासावा वाढदिवस,
जो मुलांनी आमच्यावाचून केला,
दोन खुर्च्यांत आमचे जुने फोटो बसवून.
केक सगळ्यांना पुरला म्हणे.

शनिवारी बाजारात
हा कालोलाइनेच्या काट्यापुढे उभा राहिला.
इथे कोनफळाला उफी म्हणतात, राजाच्या पंगतीतला मान त्याचा.
एक ठेवलं. "याहून हलकं."
दुसरं. "जरासं जड."
मागे रांग वाढली, एक डुक्कर येऊन वास घेऊन गेलं,
सहाव्या कोनफळाला काटा साडेतीनवर स्थिरावला.
चाळीस वर्षं बटाटे पिकवलेल्या माणसाने
ते दोन्ही हातांनी उचललं,
जाड बाजू कोपराच्या खळगीत घेतली
आणि उभ्या उभ्या, बाजारात, किंचित डोलू लागला.

मी आधी हसले.

कालोलाइनेने मला विचारलं : मुलगा की मुलगी?
मुलगा, मी म्हटलं.
तिने कमरेच्या चटईखालचं कापड ओढलं
आणि कोनफळाची माती पुसली, तोंड पुसावं तशी.
पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, सासूच्या घराला पन्हळ नाही, शिडी घेऊन या.

तीन आठवडे ते ओट्यावर पडून होतं.
मी सुरी घ्यायचे, ठेवून द्यायचे.
तिकडे रविवारी चर्चमध्ये बाळाचं नाव ठेवलं,
मामा-काका गोल उभे राहिले, मधे सगळ्यांच्या तळहातांवर बाळ.
इकडे सोमवारची पहाट, कोंबड्यांचा कल्ला,
डेल्विन टाय बांधून जेवणाच्या टेबलाशी.
नुसता आवाज येत होता.
थेन, असं नाव ऐकू आलं.
की टेन? त्याला हल्ली डाव्या कानाने येत नाही.
त्याचा एक हात कोनफळाखाली होता.
मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग कालोलाइनेच्या नातीचा पहिला वाढदिवस आला.
अख्खं गाव, तापलेल्या दगडांवर रचलेलं जेवण,
केळीच्या पानांतून वाफ.
आम्ही आमचं साडेतीन किलो नेलं.
तिने एका घावात वरचं डोकं उडवलं,
माझ्या पोटात कसंसं झालं,
आणि ते डोकं डेल्विनच्या हातावर ठेवलं : हे लावायचं, खायचं नाही.
आतून पांढरं निघालं, ओल्या खडूसारखं.
भाजल्यावर त्याने दोनदा मागून घेतलं.
वाढदिवसाची पोर तोवर त्याच्या मांडीवर झोपली,
चांगली दहा किलोची, पाय बधिर करणारी.

डोकं शाळेच्या टाकीमागे लावलंय,
जिथे भरल्यावर पाणी सांडतं.
आमची मुदत एप्रिलमध्ये संपते.
वेलाची मेमध्ये.
कालोलाइने म्हणते, वजन कळवीन.